कॉर्कमध्ये वाईट काही नाही

एनिस,
शुक्रवार, २९ मे

तीर्थरूप आईंना,
गिरिजाचा सादर नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? नागपूरचं ऊन बातम्यांत बघितलं की मी लगेच तुमच्या कूलरची आठवण काढते. सुभाषभाऊजींनी त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या का? नसतील तर माझं नाव सांगून मागे लागा. इकडे मे संपत आला तरी माझ्या अंगात स्वेटर आहे. रेवा मजेत आहे, उंचीने माझ्या कानापर्यंत आली आहे. मीही ग्रँड आहे. इथे काहीही विचारलं तरी उत्तर 'ग्रँड' असंच द्यायचं असतं, तशी सवयच झाली आहे.

माझ्याबरोबर शॅननच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारी माझी मैत्रीण पूर्वी उद्या नागपूरला निघते आहे. तिचं माहेर धरमपेठेत, म्हणजे तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिच्या हाती तुमच्या कानातल्या मशीनचे सेल, रेवाने काढलेलं चित्र आणि हे पत्र पाठवते आहे. पत्र कशाला, फोन आहे की, असं सुभाषभाऊजी म्हणतील. पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून ते स्पीकर लावतात, मग जाऊबाई पोळ्या लाटता लाटता ऐकतात आणि मधेच बेल वाजवून दूधवालाही येतो. काही गोष्टी इतक्या जणांत बोलता येत नाहीत. तेव्हा हे तुम्हीच वाचा, चष्मा लावून, सावकाश.

मागच्या रविवारी उपेंद्र कॉर्कला गेला. त्यानंतर तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू आणि पोरगी मागं काहून राहिल्या? एवढं काय वाईट आहे बाप्पा त्या गावात? चांगलं काय, वाईट काय, सगळं लिहून पाठव मला." मी हो म्हटलं. तर लिहिते.

आधी चांगलं. कॉर्क हे आयर्लंडच्या दक्षिणेकडचं मोठं शहर. नदीचे दोन फाटे होतात आणि मधल्या बेटावर सगळा बाजार वसलेला. शनिवारी रस्त्यांवर माणसांची अशी गर्दी असते की क्षणभर सीताबर्डीवर आल्यासारखं वाटतं. कोपऱ्याकोपऱ्यावर कुणीतरी गिटार घेऊन गात असतं. छपराखालची जुनी मंडई आहे, तिथे मासे, चीज, ऑलिव्ह असं सगळं मांडलेलं असतं. आपल्या कामाचं तिथे थोडंच, पण बघायला फार छान. भारतीय किराण्याची दुकानं मात्र भरपूर. आमच्या एनिसला कढीपत्ता गुरुवारी येतो आणि शुक्रवारी संपतो. तिकडे रोज मिळतो, भेंडीसुद्धा कोवळी. मराठी माणसं बरीच आहेत. गणपतीत ढोल वाजतात, नाटकं बसवतात, दिवाळी अंकसुद्धा काढतात.

कॉर्कच्या लोकांचं म्हणणं असं, की डब्लिन नावापुरती राजधानी, खरी राजधानी आमचीच. भाषा शुद्ध ती आमचीच, खाणं चांगलं तेही आमच्याकडेच. आई, मला तर वाटतं पुणेकर पुढच्या जन्मी कॉर्कलाच जन्म घेत असावेत. तुमच्या लेकाला हे ऐकवलं तर तो खूप हसला होता.

आता वाईट. घरं मिळत नाहीत. एका घराला बघायला रांग लागते, आणि ते मिळालं तर भाडं ऐकून परत फिरावंसं वाटतं. शहर चढउताराचं, तुमचे गुडघे तिथे पहिल्याच दिवशी बोलायला लागतील. सकाळी नदीखालच्या बोगद्यापाशी गाड्या तुंबतात. पाऊस इथल्याइतकाच. रेवाच्या शाळेचा प्रश्न आहे, तिला सप्टेंबरमध्ये सेकंडरीला जायचंय आणि तिकडच्या शाळांत आधीच नावं लागलेली आहेत. शिवाय रेवा इथल्या क्लबात कॅमोगी खेळते. लाकडी काठीने खेळायचा हा मुलींचा खेळ, आणि त्यात आमचा क्लेअर जिल्हा आणि कॉर्क म्हणजे हाडवैर. तिने बाबाला स्पष्ट सांगितलं, "बाबा, आय'म नॉट वेअरिंग रेड. नॉट अ होप." तांबडा रंग कॉर्कचा. उपेंद्र म्हणाला, "अगं, टी-शर्टचा रंग तो, बदलतो माणूस." त्यावर ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू त्याने काहीतरी अपवित्र म्हटलंय.

झालं. एवढंच आहे वाईट. आत्ता परत वाचून पाहिलं तर चांगल्याचं पारडं जड आहे. घर आज ना उद्या मिळतं, शाळाही मिळते. नोकरी चांगली आहे, औषधांच्या मोठ्या कारखान्यात आहे, हुद्दा वरचा आहे. शहाण्या माणसाने जावं असंच गाव आहे ते.

मी चहा करून आले. शुक्रवारी आमचा प्लांट दुपारीच सुटतो आणि रेवा मॅचची प्रॅक्टिस करून येते. तेव्हा घरात मी एकटीच आहे.

आई, उपेंद्रने तुम्हाला सांगितलं की रेवाची शाळा संपली की आम्ही जाऊ. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. मी जाणार नाहीये. कॉर्क कितीही चांगलं असलं तरी.

तुम्हाला आठवत असेल, आम्ही पुण्याहून आलो ते डब्लिनला. चेरीवूडला त्याचं ऑफिस होतं. नंतर त्याच इमारतीत मलाही काम मिळालं, खालच्या मजल्यावर. मी नुकती रुळले होते तोवर त्याचं साहेबाशी बिनसलं आणि आम्ही अ‍ॅथलोनला गेलो. अ‍ॅथलोनला साहेब चांगला होता, पण कामात राम नव्हता. मग गॉलवे. मग एनिस. प्रत्येक वेळी तो म्हणाला, "गिरिजा, हे शेवटचं. बघ तू, इथे आपण राहणार." खोटं बोलत नव्हता तो. त्याला दर वेळी तसंच वाटायचं. नव्या गावातले पहिले सहा महिने उपेंद्र जगातला सगळ्यात आनंदी माणूस असतो, शेजाऱ्यांना पोहे खाऊ घालतो, दुकानदारांशी दोस्ती करतो. मग हळूहळू घराचा रंग त्याला खटकायला लागतो आणि त्या दिवशी मला कळतं की आपले खोके पुन्हा बाहेर निघणार.

मी दमले आहे, आई. खोक्यांनी नाही. प्रत्येक गावात नव्याने डॉक्टर शोधायचा, दातांचा वेगळा शोधायचा, मेथी कुठे मिळते ते शोधायचं. माझ्या नावाचा उच्चार पुन्हा सगळ्यांना शिकवायचा. शाळेत विचारतात, तुम्ही दोघं सापडला नाहीत तर मुलीसाठी कुणाला फोन करायचा? अ‍ॅथलोनला मी तिथे उपेंद्रच्या ऑफिसमधल्या एका बाईंचं नाव दिलं होतं, ज्यांना मी एकदाच भेटले होते. गॉलवेला तर घरमालकाचं दिलं. एनिसला आल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे खरी नावं होती. एक शेजारच्या ब्रीडाचं, एक इथल्या मराठी मंडळींतल्या स्नेहलताताईंचं. ते लिहिताना मला किती बरं वाटलं हे मी उपेंद्रला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको, देव जाणे.

आणि माझं काम. तुम्ही मागच्या वर्षी आलात तेव्हा मी तुम्हाला प्लांट बाहेरून दाखवला होता. इथे आले तेव्हा मी डोक्याला जाळी लावून लाइनवर बसत होते, हृदयात घालायच्या नळ्या पाकिटांत भरायला. बी. फार्म. झालेली बाई पाकिटं चिकटवते, असं मला मनातून लागायचं. तिथून मी क्वालिटीत गेले आणि या हिवाळ्यात मला टीम मिळाली. सहा जण आहेत, त्यातला एक माझ्या वडिलांच्या वयाचा. काही अडलं की तो सगळ्यांना सांगतो, "आस्क गिरिजा, शी'ल नो." मला सांगायला लाज वाटते, पण हे वाक्य ऐकण्यासाठी मी सोमवारची वाट बघते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

गुढीपाडव्याला इथल्या हॉलमध्ये आम्ही सगळे जमलो होतो. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन उपेंद्र उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना सांगितलं की आम्ही कॉर्कला जातोय. त्याने इंटरव्ह्यू दिला होता हे मला माहीत होतं. होकार दिला, हे मला त्या पन्नास माणसांबरोबर कळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय करणार, हात आपोआप वाजले.

आणि मग जेवणं सुरू झाली. आपल्या लोकांचं तुम्हाला माहीत आहे, निघणाऱ्या माणसाला जेवू घातल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. कुणी पुरणपोळी केली, कुणी छोले, एकीने तर उकडीचे मोदक, आणि तेही एप्रिलमध्ये. निघताना प्रत्येक घरी माझी ओटी भरली. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. स्वयंपाकघरातल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात. ती प्रेस उघडली की नारळ घरंगळून बाहेर यायचे. मी चटणी केली, वड्या केल्या, सोलकढी केली, शेवटी ब्रीडालाही दोन दिले. तिने त्यांचं काय केलं ते विचारायची हिंमत नाही झाली.

दर वेळी वाटायचं, आज सांगू. घरी उपेंद्रला सांगू, नाहीतर निदान जेवताना हसत हसत बोलून टाकू. पण ज्यांचा घास पोटात गेलाय त्यांच्यासमोर 'आम्ही काही जात नाही' कसं म्हणायचं? आणि घरी आलं की उपेंद्र इतका खूश असायचा, मोबाइलवर मला कॉर्कमधली घरं दाखवायचा. मी म्हणायची, छान आहे. जेवणं वाढत गेली तसं माझं तोंड आणखीच बंद होत गेलं.

शेवटचं जेवण स्नेहलताताईंकडे होतं. त्या आपल्याच, यवतमाळच्या. वांग्याचं भरीत, ज्वारीच्या भाकरी, ठेचा. सगळे पोटभर जेवले. मग त्यांनी मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि ओटी भरायला नारळ पुढे केला. म्हणाल्या, "नव्या घरी सुखी राहा." मी पदर पुढे करायचा. पदर कसला, ओढणीच होती. माझे हात हललेच नाहीत. मी म्हटलं, "ताई, ही ओटी नको. मी जात नाहीये."

रेवा आतल्या खोलीत मुलांबरोबर होती हे बरं झालं. उपेंद्रच्या हातात पानाचा विडा होता. तो हसला, म्हणाला, "गंमत करतेय ती." कुणी हसलं नाही. मीही नाही. त्याचा चेहरा पाहून मला कळलं, पाडव्याच्या दिवशी माझा चेहरा असाच दिसला असणार. फक्त तेव्हा कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

स्नेहलताताई मात्र जराही डगमगल्या नाहीत. माझ्या ओढणीत नारळ ठेवत म्हणाल्या, "ओटी परत नसते करायची गं. आणि जाणाऱ्या बाईचीच भरायची, असं कुठं लिहून ठेवलंय?"

गाडीत रेवा मागे झोपली होती. घराच्या दारात उपेंद्र म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस." मी म्हटलं, "तूही." तेवढंच भांडण झालं आमचं. आधी आम्ही किती कडकडून भांडायचो, तुम्हाला माहीत आहे. या वेळी दोघांकडेही जोर नव्हता.

मग ठरलेल्या रविवारी तो दोन बॅगा आणि भाताचा कुकर घेऊन गेला. रेवाने बॅगा डिकीत ठेवायला मदत केली. जाताना तो मला म्हणाला, "बघू." मीही म्हटलं, "बघू." म्हणजे काय बघायचं, ते दोघांनीही विचारलं नाही.

आई, तुम्हाला राग येईल, पण एक गोष्ट सांगते, आणि ती तुमच्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. मागच्या वर्षी तुम्ही इथे होतात तेव्हा एका दुपारी आपण मटार सोलत बसलो होतो. तुम्ही बोलता बोलता पुसदची गोष्ट सांगितलीत. बाबांची वीज मंडळातली नोकरी, दर दोन-तीन वर्षांनी बदली. पुसदला तुम्हाला बालवाडीत शिकवायचं काम मिळालं होतं. मुलं तुम्हाला घरापर्यंत सोडायला यायची. मग वणीच्या बदलीचा कागद आला आणि आठवड्याभरात तुम्ही सामान बांधलंत. मी विचारलं, बाबांना 'मी राहते' म्हणाला नाहीत? तुम्ही म्हणालात, "म्हणायचं असतं हे सुचलंच नाही गं." आणि पुढची शेंग उचललीत. रागावून नव्हतात सांगत, रडून तर मुळीच नाही.

पण मी त्या दिवसापासून तेच वाक्य घोळवते आहे. स्नेहलताताईंसमोर माझे हात हलले नाहीत तेव्हाही तेच डोक्यात होतं. मी तुमच्यावर ढकलत नाही. पण जे तुम्हाला सुचलं नाही, ते मला तुमच्यामुळे सुचलं. उपेंद्रला मी पुसदचं काही सांगितलेलं नाही. ते सांगायचं असेल तर तुम्हीच सांगा. त्याच्याही सात शाळा बदलल्या, त्या प्रत्येक गावी नव्याने मित्र करताना तो केवढा हुशार झाला ते मी बघते. जायचं कसं हे त्याला लहानपणापासून येतं, राहायचं कसं ते त्याला कुणी दाखवलंच नाही. म्हणून माझा त्याच्यावर राग टिकत नाही. टिकला असता तर सोपं झालं असतं.

कारण खरी भीती वेगळीच आहे. हा आठवडा घर शांत होतं. कुणी मला नवी घरं दाखवली नाहीत, 'पुढे काय' असं कुणी विचारलं नाही. मी रोज शांत झोपले, आई. इतकी शांत, की बुधवारी उठल्यावर मला धस्स झालं. मी कॉर्कला नको म्हणतेय, की उपेंद्रला? गाव सोडायचं नाहीये मला, की माणूस सोडायला निमित्त मिळालंय? तुमच्या मुलाबद्दल तुम्हालाच हे लिहिते, म्हणजे मी किती दमले असेन ते समजून घ्या. तो वाईट माणूस नाही. रेवा लहान असताना रात्र रात्र तिला खांद्यावर घेऊन फिरला आहे. माझे वडील गेले तेव्हा माझ्याआधी त्याचे डोळे भरले होते. मला त्याचा कंटाळा आलेला नाही. त्याच्या मागून जाण्याचा आला आहे. पण या दोन गोष्टी वेगळ्या काढता येतात का, ते मला अजून कळलेलं नाही.

तुम्ही मला 'जा' म्हणून सांगू नका. आणि त्याला 'परत ये' असंही सांगू नका. तुमच्या शब्दाखातर तो नोकरी सोडून येईल आणि मग आयुष्यभर मी त्याचा पाय ओढला असं होईल. मला तेही नको आहे.

मघाशी, हे लिहीत असतानाच, त्याचा फोन आला. एरवी ऑफिसातून निघताना तो थेट सांगायचा, 'निघालोय, सातपर्यंत पोचतो.' आज म्हणाला, "गिरिजा, मी येऊ का?"

स्वतःच्या घरी यायला विचारत होता. तिकडून गाड्यांचे आवाज येत होते. तो फोन ठेवून देईल असं वाटलं, निदान 'हॅलो, हॅलो' करेल असं वाटलं. त्याने तसं काही केलं नाही. तो नुसता थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या उत्तरासाठी तो थांबलाय, असं मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

मी म्हटलं, "ये. पण मी इथेच आहे, उपेंद्र. मी इथून हलणार नाहीये."

तो म्हणाला, "माहीत आहे. म्हणून तर विचारतोय."

पत्र नेणाऱ्या पूर्वीची गाडी दारात आली आहे, तिला पाकीट द्यायचंय. तिच्या पाठोपाठ तोही पोचेल. पुढच्या शुक्रवारी तो येईल का, त्यापुढच्या येईल का, आणि आला तर मला काय वाटेल, हे मी तुम्हाला आज सांगू शकत नाही. आज फक्त तिघांचा भात लावला आहे.

तब्येतीला जपा. मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आमचं काहीही ठरलं तरी तुमचीच,
गिरिजा